कार्बनचा हिशेब कोणी चुकता करायचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे शेकडो कारखाने आहेत. भंगार आणि कच्चे लोखंड वितळवून वाहनांचे, पंपांचे, यंत्रांचे सुटे भाग इथे ओतले जातात आणि देशभर, परदेशातही जातात. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे वचन दिले. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात आला. दोन्ही निर्णय दूरच्या सभागृहांत झाले. त्यांचा अर्थ लावायची वेळ मात्र भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसावर आली आहे. पुढच्या संवादातले मामा ओतकामाचे छोटे कारखानदार आणि भाची ऊर्जा-तपासणीचे काम करणारी अभियंता. ही दोन्ही पात्रे कल्पित आहेत. त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे आणि तो टाळून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

मामा : दोनशे वर्षं कोळसा जाळून युरोप-अमेरिका श्रीमंत झाले. आता आमच्या पोरांच्या हातात कारखाना आला, तर म्हणे धूर मोजा! भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या घरात. मग हिशेब आधी कुणाकडे मागायचा?

भाची : त्यांच्याकडेच, आणि तो मागत राहिलंच पाहिजे. त्यात मी तुमच्या बाजूची आहे. पण तो न्याय मिळेपर्यंत आपण हातावर हात धरून बसलो, तर नुकसान कुणाचं? २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेला पूर आला, तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला होता. एकेका पुराला एकच कारण नसतं, हे मान्य. पण हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं आणि पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. त्याची किंमत अमेरिकेनं नाही मोजली, आपण मोजली.

मामा : पूर मी डोळ्यांनी बघितलाय. पण माझी भट्टी विझवल्यानं पंचगंगा उतरणार आहे का? चीनचं, अमेरिकेचं उत्सर्जन बघ आणि मग माझ्याकडे बोट दाखव.

भाची : भट्टी विझवा असं कुणी म्हणत नाही. भट्टी चालली पाहिजे, कामगाराचा पगार झाला पाहिजे आणि धूरही कमी झाला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र जमवायच्या, तर एकट्या कारखानदाराच्या चांगुलपणावर भागत नाही. त्यासाठी धोरण लागतं.

मामा : इथंच आपलं जमत नाही. नवीन वस्तू स्वस्त झाली की आम्ही आपणहून घेतो. एलईडी दिवे घेतलेच की! त्यासाठी सरकारनं कशाला काठी उगारायची?

भाची : एलईडीचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. केंद्राच्या योजनेतून कोट्यवधी बल्बांची मागणी एकत्र केली, निविदा पुन्हा पुन्हा काढल्या आणि २०१६ मध्ये तोच बल्ब ३८ रुपयांवर आला. उजाला योजनेत छत्तीस कोटींहून जास्त बल्ब गेले, तेही अनुदान न देता. बल्ब आपोआप स्वस्त झाला नाही. कारखानदाराला दिसलं की गिऱ्हाईक पक्कं आहे, म्हणून त्यानं मोठं उत्पादन लावलं. त्यात कुणावर काठी उगारली नव्हती. एवढा माल नक्की उचलू, असा शब्द होता.

मामा : बल्ब छोटी वस्तू. विजेचं काय?

भाची : विजेचंही तसंच झालं. जर्मनीनं २००० साली कायदा केला. सूर्याची, वाऱ्याची वीज बनवणाऱ्याला वीस वर्षं ठरलेला भाव मिळेल, असं लिहून दिलं. ऊन कमी असलेल्या देशात छपरांवर पॅनेल बसायला लागली. मागणी दिसली म्हणून चीननं मोठमोठे कारखाने टाकले आणि किमती कोसळल्या. आपलं राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिल्या लिलावात युनिटला बारा रुपयांच्या आसपास भाव निघाला होता. २०१७ मध्ये राजस्थानात भादल्याच्या लिलावात तो दोन रुपये चव्वेचाळीस पैशांवर आला. प्रयोगशाळेतला शोध आणि सरकारचा कायदा यांची बैलजोडी आहे, मामा. एक बैल नांगराला जुंपून दुसरा सोडला, तर तास वाकडंच पडणार.

मामा : जर्मनीची अर्धीच गोष्ट सांगितलीस. तो ठरलेला भाव कुणी दिला? तिथल्या घरगुती ग्राहकांनी. २०१७ मध्ये युनिटमागे जवळजवळ सात सेंट अधिभार होता त्यांच्यावर आणि वीज जास्त खाणाऱ्या बड्या कारखान्यांना त्यातून सवलत. म्हणजे मोठे सुटले, लहानांना भुर्दंड. आपल्याकडे वेगळं काही होईल असं तुला वाटतं?

भाची : तुमचं बोलणं बरोबर आहे. २०२२ मध्ये तो अधिभार त्यांना बंद करावा लागला. त्यातून शिकायचं ते हेच, की बोजा कुणी किती उचलायचा हे कायद्याच्या पहिल्या पानावर लिहायला हवं, मागाहून नाही. स्वीडननं १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला, तेव्हा त्याच सुधारणेत आयकर कमी केला. उद्योगांना सुरुवातीला कमी दर ठेवला आणि पुढे टप्प्याटप्प्यानं वाढवला. घरं गरम करायला तेल जाळायचे, त्या जागी लाकडाचा भुसा आणि जंगलातला टाकाऊ माल जाळून वस्तीभर नळांतून ऊब पुरवायला लागले. १९९० पासून तिथलं उत्सर्जन एक तृतीयांशाहून जास्त घटलं आणि अर्थव्यवस्था वाढतच राहिली.

मामा : स्वीडनकडे नद्या आहेत, अणुवीज आहे. त्यांची वीज आधीच स्वच्छ होती. माझ्या भट्टीला वीज येते ती चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातून. त्यांचा सदरा मला कसा बसेल?

भाची : नाही बसणार. म्हणून आपला क्रम वेगळा आहे. आधी वीज स्वच्छ करायची आणि मग शक्य तेवढी कामं विजेवर आणायची. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्म इंधनाशिवायचा वाटा निम्म्यावर पोहोचला. हे लक्ष्य २०३० चं होतं.

मामा : क्षमता सांगू नकोस, युनिटं सांग. कागदावर पन्नास टक्के, पण प्रत्यक्षात येणाऱ्या दहा युनिटांतली सातेक अजून कोळशाचीच. सूर्य मावळला की माझी दुसरी पाळी सुरू होते. भट्टीत रस तयार असताना वीज गेली, तर आत लोखंड गोठतं. भट्टीचं अस्तर खराब होतं आणि पुढचे दोन दिवस कामाविना जातात.

भाची : खरं आहे. म्हणून नुसती पॅनेलं मोजून चालणार नाही, वीज साठवता आली पाहिजे. ते तंत्र आपल्या सह्याद्रीला नवं नाही. घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. विजेची चणचण नसताना पाणी पंपानं वरच्या जलाशयात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. आता दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा पाणी चढवून ठेवलं तर ते संध्याकाळी कामी येईल. बॅटऱ्याही आता मोठ्या प्रमाणावर बसायला लागल्यात. दुसरीकडे दराची रचना बदलतेय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी ठेवायला सांगितलं. ज्यांना जमेल त्यांनी वितळवण्याचं काम दुपारी आणलं, तर पैसाही वाचतो आणि कोळसाही.

मामा : ऑर्डर आली की दुपार-रात्र बघत नाही आम्ही. बरं, दर सोड. माझ्या कारखान्यात येऊन तू नेमकं काय करशील ते सांग. भाषण नको.

भाची : आधी पाटी-पेन्सिल घेईन. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीत साधारण सहाशे युनिटं लागतात असं धरू. तुम्ही शंभर किलो रस ओतला, तर विकण्याजोगा माल किती निघतो?

मामा : साठ किलो. बाकीचं रनर-रायझर, रस साच्यात नेणाऱ्या वाटांत गोठलेलं लोखंड. ते तोडून पुन्हा भट्टीत.

भाची : म्हणजे एक टन चांगल्या मालासाठी तुम्ही एक टन सहाशे सदुसष्ट किलो वितळवता आणि हजार युनिटं जाळता. संगणकावर रस साच्यात कसा वाहतो, कुठं आधी थंड होतो ते बघून रायझरची जागा आणि माप बदललं आणि साठाचे पासष्ट किलो झाले, तर तेच काम नऊशे तेवीस युनिटांत होतं. टनामागे सत्त्याहत्तर युनिटं वाचली. युनिट नऊ रुपये धरलं, तर जवळपास सातशे रुपये. ग्रिडच्या एका युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे टनामागे पन्नासेक किलो धूरही कमी. मग भंगार बघेन. गंजलेलं, वाळू चिकटलेलं भंगार भट्टीत टाकलं की वीज त्या कचऱ्यावर खर्च होते आणि मळी वाढते. मग भट्टीचं झाकण. ते उघडं राहिलं की उष्णता सरळ छपराकडे जाते. हरित तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना हायड्रोजन आठवतो. तुमच्याकडे त्याची सुरुवात रनर-रायझरपासून होते.

मामा : हे पटतं. पण ते सॉफ्टवेअर, ते चालवणारा माणूस, त्याचा पगार? पाचशे टनवाल्याला परवडेल, माझ्यासारख्याला नाही. बँकेत गेलो की तारण विचारतात, वीज किती वाचेल ते नाही विचारत.

भाची : धोरणाची खरी कसोटी तिथंच लागते आणि आपण तिथंच कमी पडलोय. २०१२ मध्ये सरकारनं ऊर्जा-कार्यक्षमतेची एक योजना आणली. आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना लक्ष्य दिलं. जो जास्त बचत करेल त्यानं प्रमाणपत्रं विकायची आणि जो कमी पडेल त्यानं ती विकत घ्यायची. पहिल्या तीन वर्षांत ठरवलेल्यापेक्षा जास्त बचत झाली. नियम नेमका असला, तारीख ठरलेली असली, तर आपले उद्योग करून दाखवतात, हे त्यातून सिद्ध झालं. पण ते सगळे मोठे होते. लहानांसाठी त्या तोडीचं काही उभं राहिलं नाही.

मामा : आता तर कार्बनचा बाजारच आणलाय म्हणे.

भाची : हो. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला, २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. त्यात टनामागे किती उत्सर्जन, यावर मर्यादा आहे.

मामा : टनामागे! म्हणजे उत्पादन दुप्पट झालं, तर एकूण धूर वाढला तरी चालतो. मग शून्य कसं गाठणार?

भाची : निव्वळ टनामागच्या हिशेबानं गाठता येणार नाही. वाढत्या देशाला पहिली पायरी म्हणून ती ठीक आहे. घरं, पूल, रेल्वे अजून बांधायची आहेत. पण कधी ना कधी एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालावी लागेल आणि ती कोणत्या वर्षी येणार, हे आजच जाहीर व्हायला हवं. भट्टी वीस-पंचवीस वर्षं चालते. आज कोणती घ्यायची, हे पुढच्या वीस वर्षांचा नियम माहीत असल्याशिवाय तुम्ही ठरवणार तरी कसं?

मामा : आणि युरोपचा तो सीमेवरचा आकार? तो तर सरळ आमच्या पोटावर पाय आहे.

भाची : त्यात गरीब देशांवर अन्याय आहे, भारतानं तो मुद्दा लावून धरलाय आणि धरावाच. आत्ता त्यात लोखंड-पोलाद, पाइप-फिटिंग, नट-बोल्ट, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं असा माल येतो. पण त्या कायद्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत भरलेली असेल, तर ती वजा होते. म्हणजे भारतात नीट चालणारा कार्बन बाजार असेल, तर तोच पैसा ब्रुसेल्सला न जाता इथं राहील. आणि उत्सर्जन मोजून दिलं नाही, तर ते ठोकताळ्यानं धरतात. त्यात न मोजणाऱ्याचाच तोटा होतो.

मामा : पैसा इथं राहील, पण माझ्यापर्यंत येईल का? कोळशावरचा उपकर आठवतो? २०१० मध्ये टनाला पन्नास रुपये, २०१६ पर्यंत चारशे. स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी म्हणून लावला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांची भरपाई करायला वळवला. वीज महागली ती आमची. स्वच्छ ऊर्जेचा निधी कुठं गेला, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तुम्ही म्हणता तसंच घडलं. कार्बनच्या नावानं गोळा केलेला पैसा कार्बन कमी करायलाच लागला पाहिजे आणि त्यातला ठरलेला वाटा लहान कारखान्यांना मिळाला पाहिजे. ही अट नसेल, तर पुढच्या करावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

मामा : आत्ता तू माझ्या भाषेत बोललीस.

भाची : पण सगळं बिघडलेलंच आहे असंही नका म्हणू. २०२२ पर्यंत बाहेरून थेट हरित वीज घ्यायला एक मेगावॅटचा भार लागायचा. केंद्राच्या नियमांनी ती अट शंभर किलोवॅटवर आणली. तुमच्यासारखे कारखाने त्यात बसतात. वहन आकार आणि अधिभार अजून जाचक आहेत, त्यासाठी संघटनेनं वीज आयोगापुढे मांडणी करावी. शेतीचंही तसंच. उद्योगाच्या बिलातून शेतीची स्वस्त वीज भागवली जाते, ही तुमची जुनी तक्रार. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभे राहतात. वीज तीन रुपयांच्या आसपास पडते आणि शेतकऱ्याला रात्री-अपरात्री उसात उतरावं लागत नाही. ती योजना पूर्ण झाली, तर तुमच्या बिलावरचा बोजाही उतरायला हवा.

मामा : आणि चंद्रपूर, वणीच्या खाणींतली माणसं? कोळसा थांबला की ती कुठं जाणार?

भाची : त्यांचं आधी ठरवलं पाहिजे, खाण बंद व्हायच्या दहा वर्षं आधी. मुंबईच्या गिरणगावाच्या बाबतीत आपण ते केलं नाही.

मामा : बरोबर. गिरण्या गेल्या, टॉवर आले. कामगार कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

भाची : एक शेवटचं सांगते. खनिजापासून कोक जाळून पोलाद केलं, तर टनामागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. स्वीडननं हायड्रोजन वापरून केलेलं पोलाद २०२१ मध्ये पहिल्यांदा ग्राहकाला दिलं. आपलंही हरित हायड्रोजन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, पण तो मार्ग अजून महाग आहे. तुमची भट्टी मुख्यतः भंगार वितळवते, तेही विजेवर. वीज स्वच्छ होत गेली, की तुमचा माल आपोआप स्वच्छ होत जाणार. मोठ्या पोलाद कारखान्याला जे कठीण आहे, त्यातलं अर्धं कोल्हापूरनं आधीच केलंय. ते मोजा, कागदावर आणा आणि त्याची किंमत मागा.

मामा : मोजायला मी तयार आहे. पण मोजायचा खर्च एकट्याच्या डोक्यावर टाकू नका.

या वादात दोघांच्याही पदरात सत्य आहे. भाचीचे म्हणणे इतिहासाने सिद्ध केले आहे. सौर वीज, एलईडी, स्वीडनची ऊब यांपैकी काहीही केवळ बाजाराच्या मर्जीने स्वस्त झाले नाही. कुणीतरी आधी नियम केला, भाव बांधून दिला, मागणीची हमी दिली आणि मग शोध बाजारात टिकला. मामांचे म्हणणेही इतिहासानेच सिद्ध केले आहे. ज्या धोरणात लहानांवर बोजा आणि मोठ्यांना सवलत असते, ज्यात गोळा केलेला पैसा भलतीकडे जातो, त्या धोरणावरचा विश्वास उडतो. आणि विश्वास उडाला की चांगला कायदाही पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतो.

म्हणून महाराष्ट्रातल्या औद्योगिक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी तीन गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात. पहिली, उत्सर्जनाच्या मर्यादा कोणत्या वर्षी किती कडक होणार, याचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे. दुसरी, कार्बनमधून येणाऱ्या पैशाचा वेगळा निधी असावा, त्याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळात मांडला जावा आणि त्यातला ठरलेला वाटा लहान उद्योगांना व कोळसा पट्ट्यातल्या कामगारांना मिळावा. तिसरी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावसारख्या वसाहतीत उत्सर्जन मोजणारे, संगणकावर साचे तपासून देणारे आणि बचतीच्या आधारावर कर्ज मिळवून देणारे सामाईक केंद्र असावे.

कार्बनचा हिशेब आपल्याला चुकता करावाच लागणार आहे. तो सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे करायचा की सगळ्यात दुबळ्याच्या माथी मारायचा, हे अजून आपल्या हातात आहे. तुमच्या भागातल्या आमदार-खासदारांना पुढच्या भेटीत या तीन मागण्यांबद्दल विचारा आणि उत्तर लेखी मागा.